मेहनत आणि मालिश

अंगमेहनत करणाऱ्या माणसाला मालिशचा खरंच काही फायदा होतो, की नुसतं बरं वाटतं? गेले दोन महिने आमच्या घरात या एका प्रश्नावर जितका काथ्याकूट झालाय तितका निवडणुकीवरही कधी झाला नसेल.

एका बाजूला माझा भाचा. वय एकोणीस, तालमीत जाणारा, सकाळ-संध्याकाळ जोर-बैठका काढणारा, आणि वस्तादांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ मानणारा. दुसऱ्या बाजूला पुतणी. ती फिजिओथेरपी शिकतेय. (आमच्या मलकापुरातच कृष्णा हॉस्पिटलच्या आवारात फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, त्यामुळे गावात पांढरा कोट घातलेली मुलं-मुली पदोपदी दिसतात, आणि प्रत्येक घरात एखादा तरी कुणाला 'असं वाकू नका' म्हणून सांगत असतो.) तिसरी बाजू आईची. तिचं म्हणणं शेवटी सांगतो, कारण शेवटी तेच खरं ठरलं. मी आपला मधला. दर रविवारी आगाशिवाचा डोंगर चढतो, आणि साताऱ्याची हिल मॅरेथॉन दोनदा पळालोय. पळालोय म्हणजे, यवतेश्वरचा घाट चढताना चाललोच, पण पूर्ण केली!

विषय निघाला तो भाच्याच्या मांडीवरून. सरावात समोरच्या पोराचा गुडघा त्याच्या मांडीवर जोरात बसला. हाड शाबूत होतं, कातडीही फाटली नव्हती. फक्त मार. संध्याकाळी मित्रांनी त्याला गाडीवर घालून शेजारच्या एका गावी नेलं. तिथे एक जण 'शिरा सोडवून' देतो. त्या माणसाने अर्धा तास अंगठ्याने ती मांडी रगडली. पोरगं ओठ चावून पडून राहिलं, कारण पहिलवानाने ओरडायचं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडी काळीनिळी, टम्म फुगलेली, आणि गुडघा वाकेना. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, स्नायूत रक्त साचलंय. सहा आठवडे आखाडा बंद. त्या सहा आठवड्यांत तीन गावच्या जत्रा आल्या आणि गेल्या. हलगीचा आवाज घरात ऐकू यायचा आणि हा पोरगा उशी पायाखाली घेऊन छताकडे बघत पडलेला.

तेव्हा पुतणी म्हणाली, "मालिशचा काही उपयोग नसतो, हे मी तुला आधीच सांगितलं होतं." आणि भाचा म्हणाला, "मग आजवर एवढे पहिलवान काय हवेवर झाले काय?" दोघंही आपापल्या जागी ठाम. मग मीच ठरवलं, जरा नीट वाचून बघू. जे सापडलं ते इथे लिहून ठेवतोय, म्हणजे दिवाळीला सगळे जमल्यावर पुन्हा पहिल्यापासून भांडण नको.

आधी तालमीची बाजू. आमच्या भागात, म्हणजे सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात, मालिश ही चैनीची गोष्ट कधीच नव्हती. तो मेहनतीचाच भाग. पहाटे जोर, बैठका, मग लढत, आणि ते झालं की धाकट्या पोरांनी थोरल्या पहिलवानाचं अंग रगडायचं. त्यात रगडणाऱ्याचाही व्यायाम होतो. एका जड पहिलवानाची पाठ वीस मिनिटं रगडून बघा, मनगटं बोलायला लागतात. आखाड्यातली लाल मातीसुद्धा नुसती माती नसते. तेल, ताक, लिंबू, हळद, कापूर घालून ती मळलेली असते. अंगाला ती माती लावून घासणं हीपण एक मालिशच.

आणि हे तालमीतच जन्मलं असंही नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा अध्याय आहे. त्यात अंगाला तेल लावणं आहे, व्यायाम आहे, आणि व्यायाम झाल्यावर सगळं अंग चोळावं असंही आहे. पण त्याची एक अट आहे, ती मला फार आवडली. सुख वाटेल इतपतच चोळावं. व्यायामाबद्दलही तो म्हणतो, की बलवान माणसानेसुद्धा अर्ध्या ताकदीनेच करावा. हा भाग आपण सोयीस्करपणे विसरलो. आपल्याकडे मालिश जितकी दुखेल तितकी भारी! 'डोळ्यातून पाणी आलं पाहिजे' हे कौतुकाने सांगितलं जातं.

आता दुसरी बाजू. आपण सगळे ऐकत आलोय की व्यायामाने अंगात लॅक्टिक अ‍ॅसिड साचतं, त्यामुळे अंग दुखतं, आणि मालिशने ते निघून जातं. जिमच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, पळणारे एकमेकांना सांगतात. पण यातली गंमत अशी, की व्यायामात वाढलेलं हे अ‍ॅसिड शरीर आपलं आपणच साधारण तासाभरात मार्गी लावतं. आणि अंग दुखतं कधी? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी! चोर तासाभरात गाव सोडून गेलाय आणि आपण परवाच्या चोरीसाठी त्याला धरतोय. २०१० साली कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाने याची परीक्षाच घेतली. हाताच्या मुठीचा दमवणारा व्यायाम करवून लगेच मालिश केली, तर अ‍ॅसिड बाहेर पडणं उलट मंदावलं, कारण दाबल्यामुळे रक्ताचा प्रवाहच अडत होता. म्हणजे ती समजूत निकालात.

मग दुखतं कशाने? आगाशिवावर जाणाऱ्यांना याचं उत्तर पायात ठाऊक आहे. चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जी 'आई गं' निघते ती उतरण्याची किंमत असते. उतारावर स्नायू ताणला जात असतानाच त्याला वजन पेलावं लागतं. त्यात त्याचे अगदी बारीक धागे दुखावतात, मग शरीर तिथे दुरुस्तीला माणसं पाठवतं, आणि त्या दुरुस्तीच्या कामाचा ठणका चोवीस ते बहात्तर तासांत सगळ्यात जास्त जाणवतो. साताऱ्याच्या शर्यतीत अर्धं अंतर घाट चढायचा आणि अर्धं उतरायचा. शर्यत रविवारी असते आणि रडारड मंगळवारी.

या ठणक्याचं मालिशने काय होतं, हा खरा प्रश्न. २०२० साली इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठाच्या लोकांनी त्यावर झालेले २९ अभ्यास, मिळून १०१२ माणसं, एकत्र ठेवून पाहिले. निष्कर्ष असा: मालिशने ताकद वाढत नाही, उडी उंच जात नाही, वेग वाढत नाही, दम टिकत नाही. पण दुसऱ्या दिवशीचा ठणका थोडा कमी होतो आणि अंग थोडं जास्त वाकतं. 'थोडं' हा शब्द दोन्हीकडे महत्त्वाचा. त्याआधी २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी ९९ अभ्यास मांडून वेगवेगळ्या उपायांची तुलना केली होती. त्यात थंड पाण्यात बसणं, घट्ट कपडे घालणं, ताण देणं, सगळं होतं. ठणका आणि थकल्याची भावना कमी करण्यात मालिशचा नंबर पहिला आला. व्यायामानंतर आपण भक्तिभावाने जे स्ट्रेचिंग करतो, त्याचा ठणक्यावर काही परिणाम दिसला नाही.

पुतणी हे वाचून म्हणाली, "बघा, ताकद वाढत नाही!" भाचा म्हणाला, "बघा, पहिला नंबर!" एकच कागद, दोघंही खूश.

मला स्वतःला सगळ्यात आवडला तो २०१२ सालचा कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा प्रयोग. अकरा तरुण पोरांना सायकल मारायला लावून पार दमवलं. मग प्रत्येकाच्या एकाच पायाला दहा मिनिटं मालिश केली, दुसरा पाय तसाच ठेवला. आणि दोन्ही मांड्यांमधून स्नायूचा कणभर तुकडा काढून तपासला. माणूस एकच, दम एकच, जेवण एकच, फरक फक्त मालिशचा. मालिश केलेल्या पायात सूज आणणारे संदेश कमी झालेले आढळले, आणि पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या नव्याने उभारण्याचे संदेश वाढलेले. अ‍ॅसिडवर मात्र काही फरक नाही. अकराच माणसं, त्यामुळे यावर इमला बांधता येणार नाही. पण 'नुसतं मनाला बरं वाटतं' असंही आता म्हणता येत नाही. हातांचा निरोप पेशीपर्यंत पोचतो एवढं नक्की.

या सगळ्या अभ्यासांची एक अडचणही आहे. गोळी खरी की खोटी हे घेणाऱ्याला न सांगता देता येतं. मालिश अशी देता येत नाही! ज्याला रगडलं त्याला कळतंच की रगडलं. त्यामुळे किती गुण हाताचा आणि किती समजुतीचा, हे वेगळं काढणं फार कठीण. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणूस शोधून त्याचा पाय पाठीला लावून घ्यायची पद्धत आहे. लोक त्याने बरे होतात. उसण चार दिवसांत आपोआपही जाते, ही गोष्ट वेगळी.

इथवर आल्यावर मला खाशाबा आठवले.

खाशाबा जाधव आमच्या शेजारच्या गोळेश्वरचे. जन्म १५ जानेवारी १९२६. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये, मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले, आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी ब्राँझ पदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं, ते लिअँडर पेसचं. हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण त्या दिवशीची एक गोष्ट कमी सांगितली जाते. जपानच्या शोहाची इशीबरोबरची त्यांची कुस्ती लांबली आणि ते हरले. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत रशियाच्या मामेदबेकोवबरोबर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला त्या वेळी भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्यांनी नोंदवलंय. दमलेले खाशाबा तसेच लढले आणि हरले. इशीला सुवर्ण, त्या रशियन पहिलवानाला रौप्य, खाशाबांना ब्राँझ.

तो अर्धा तास मिळाला असता तर काय झालं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही. पण त्या अर्ध्या तासात नेमकं काय झालं असतं याची मी कल्पना करून पाहिली. ते आडवे पडले असते. कुणीतरी घाम पुसला असता, दंड-मांड्या हलक्या हाताने चोळल्या असत्या, पाणी दिलं असतं, कानात दोन शब्द सांगितले असते. श्वास खाली आला असता. यातलं मालिशमुळे किती, पडून राहण्यामुळे किती, आणि आपलं माणूस जवळ असण्यामुळे किती, हे कुठली प्रयोगशाळा वेगळं करणार? मला वाटतं तालमीतल्या रगड्याचं मर्म इथेच आहे. एकोणीस वर्षांच्या पोराला 'अर्धा तास गप पड' म्हटलं तर तो पडत नाही, मोबाइल काढतो. पाठीवर कुणाचे तरी हात असले की पडून राहतो. शिवाय वस्तादाचे हात अंग वाचतात. कुठे गाठ आहे, कुठे हात लावला की पोरगं दचकतं, कालच्यापेक्षा आज खांदा किती ताठ आहे, हे त्यांना बोटांतून कळतं. ज्या मालिशवाल्याने पहिल्यांदाच तुम्हाला पाहिलंय त्याला ते कळत नाही.

आणि म्हणूनच भाच्याच्या मांडीचं जे झालं ते झालं. दमलेला स्नायू आणि मार लागलेला स्नायू, बाहेरून दोन्ही दुखतात, पण आतली गोष्ट अगदी वेगळी. मार लागलेल्या स्नायूत रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. तिथे रगडलं की रक्तस्राव वाढतो. पुतणीच्या पुस्तकात तर असंही आहे की अशा मांडीत पुढे हाडासारखा कठीण भाग तयार होऊ शकतो. तिथे पहिले काही दिवस बर्फ, पट्टी आणि विश्रांती, हाताचं काम नाही. पुतणीने आणखी एक बजावून सांगितलंय: एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर अजिबात चोळायची नाही, सरळ डॉक्टरकडे जायचं. आत रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, विशेषतः आमच्या काका मंडळींनी. बाटलीतलं तेल संपवायला तुम्ही नेहमीच उतावीळ असता.

आता आईचं म्हणणं.

आम्ही हे सगळं तावातावाने बोलत होतो तेव्हा ती शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "मेहनत करणारा म्हंजे कोण रं? पळणारा आन् कुस्ती खेळणारा एवढाच का?" आम्ही गप्प. मग म्हणाली, "बैलाला तरी बेंदराच्या आदल्या दिशी खांदेमळणी असायची. वर्सातनं एकदा का हुईना."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेंदराच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा, म्हणजे जिथे जू बसतं ती जागा, गरम पाण्याने शेकून तिला तूप किंवा लोणी आणि हळद चोळतात. वर्षभर ज्या जागेने ओझं वाहिलं तिची ती विचारपूस. आता आमच्याकडे शेतात ट्रॅक्टर आले, दावणीला बैल राहिले नाहीत. पण आईचा प्रश्न बैलाचा नव्हताच.

दिवाळीच्या आगेमागे आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीडकडची माणसं, नवरा-बायको जोडीने. दोघं मिळून एक 'कोयता'. पहाटेपासून वाकून तोडायचं, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकायच्या. हंगाम संपेपर्यंत रोज. शर्यत पळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी असते, यांना नसते. बायांना तर पालावर परत आल्यावर चूल पेटवायची असते. संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात मी त्यांना पाहतो. दुखण्यावरची गोळी आणि बामची छोटी डबी. मालिशवरच्या त्या २९ अभ्यासांत पळणारे, उड्या मारणारे, सायकल चालवणारे होते. आमच्या गावात सगळ्यात जास्त अंगमेहनत करणारं माणूस मात्र त्या हिशेबात कुठेच बसत नाही.

आपल्याकडे अशा पायांची कदर करण्याची रीत नाही असंही नाही. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत जिल्ह्यातून जाते तेव्हा लोक रस्त्याकडेला बसून वारकऱ्यांचे पाय चेपतात, तेल लावतात. कोण कुठला विचारत नाहीत. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या त्या पायांना त्याने किती टक्के फायदा होतो हे कुणी मोजलं नाही, आणि मोजायची गरजही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी माणूस उठून चालू लागतो, एवढं पुरे.

तर आमच्या घरातला निकाल असा लागला. मालिशने ताकद येत नाही, ती मेहनतीने, खुराकाने आणि झोपेने येते. ठणका थोडा कमी होतो, हे खरं. मार लागला असेल तिथे हात लावायचा नाही. दुखेपर्यंत रगडणं म्हणजे चांगली मालिश नव्हे. त्या ठोके देणाऱ्या मशिनचे पैसे वाचवून बदाम आणायचे (हा ठराव भाच्याने मांडला, एकमताने मंजूर).

भाचा गेल्या सोमवारपासून पुन्हा तालमीत जायला लागलाय. अजून लढत नाही, नुसत्या बैठका. वस्तादांनी मांडी हाताने चाचपली आणि म्हणाले, "अजून पंधरा दिवस." डॉक्टरांनीही नेमकं तेवढंच सांगितलं होतं!

आणि पुतणी सध्या रोज रात्री आजीच्या पायांना तेल लावते. कॉलेजच्या प्रॅक्टिकलचा सराव म्हणून, असं ती सांगते. आई म्हणते, "जरा हळू गं." पण पाय मागे घेत नाही. सत्तर वर्षं रान तुडवलेले पाय आहेत ते. उपयोग होतो का, असं मी परवा आईला विचारलं. तिने माझ्याकडे असं काही बघितलं की पुढचा प्रश्न मी विचारलाच नाही.